दिगूदादाचा पगार

“ट्रस्टचं मी बघते, पद्मजा. तू एकच बघ. दिगंबरच्या हातात महिन्याच्या महिन्याला कुठून काही येतंय का, ते आईंना नीट विचारून घे,” मला जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या बोरगावे वकीलबाई म्हणाल्या.

“येतं की. दुकानातून पगार येतो,” मी हसले. “पगार कसला, खाऊचे पैसे. त्याचं भडंग आणतो आणि गल्लीभर वाटतो.”

“खाऊचे की कसले ते तू नाही ठरवायचं. विचार.”

मी मान हलवली. कडेवरची माझी जुई त्यांच्या चष्म्याला हात घालत होती, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि आईचे रिपोर्ट आणायला मला मिरजेला जायचं होतं. विचारायचं राहून गेलं. राहून गेलं असं म्हणते, पण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं.

दिगंबर माझा थोरला भाऊ. घरात सगळ्यांचा दिगू, माझा दिगूदादा. तेव्हा तो तिशी ओलांडलेला, मिशी राखणारा, बाबांचे शर्ट अंगाला बरोबर बसणारा गडी होता. पण सांगलीच्या आमच्या घरापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ताही तो रोज एकाच बाजूनं, एकाच विजेच्या खांबाला हात लावून जायचा. खांबाला नवीन रंग दिला त्या दिवशी तो घरी परत आला होता, रडत. त्याची बुद्धी सहा-सात वर्षांच्या मुलाइतकीच वाढली, असं डॉक्टरांनी त्याच्या लहानपणीच सांगितलं होतं.

बाबा टेलिफोन खात्यात होते. ते गेल्यावर आईला त्यांची पेन्शन सुरू झाली. आईनंतर ती दिगूदादाला जन्मभर मिळू शकत होती, पण त्याला अटी होत्या. तो स्वतःचं पोट भरू शकत नाही, असं सरकारी डॉक्टरांच्या बोर्डानं लिहून द्यायला हवं आणि त्याचं दुसरं उत्पन्न मर्यादेत हवं. म्हणूनच वकीलबाई म्हणत होत्या की घर, बाबांनी घेतलेला प्लॉट, काहीही थेट दिगंबरच्या नावावर करू नका. सगळं ट्रस्टच्या नावावर, आणि ट्रस्ट त्याच्यासाठी. म्हणजे त्याचं भागेल, पण कागदोपत्री तो मालक दिसणार नाही आणि पेन्शन अडणार नाही.

हे सगळं आत्ताच करायचं कारण आई होती. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन तोंडावर आलं होतं. मी जुईला घेऊन पुण्याहून आले होते ती याच धावपळीसाठी.

बोर्ड जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बसायचं, वरच्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर आई थांबली आणि निऱ्या सारख्या करू लागली.

“दम लागला का?”

“छे गं. निरी सुटली.”

निरी सुटली नव्हती. तिची पावलं चपलांच्या पट्ट्यांबाहेर फुगून आली होती, ओठांच्या कडा निळसर दिसत होत्या. दिगूदादा आमच्यापुढे चार पायऱ्या चढून उभा होता. आईनं त्याला सकाळी न्हाऊ घातलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, कपाळाला अष्टगंध. एखाद्या मुलीकडच्यांसमोर न्यावं तसा तिनं त्याला नटवला होता.

“आई, एवढं कशाला?” मी घरी विचारलं होतं.

“म्हणजे काय? चार शिकलेल्या माणसांपुढे जायचंय. गबाळा नेऊ होय?”

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात फायली होत्या, झेरॉक्स होत्या, जुईच्या दुधाची बाटली होती.

आत तीन डॉक्टर होते. मधले पिकल्या केसांचे, डॉ. हिरेमठ. त्यांच्या एका बाजूला कागदांवर नजर टाकणाऱ्या एक बाई, दुसऱ्या बाजूला मोबाईलमध्ये बघत बसलेले एक तरुण डॉक्टर.

“नाव काय तुमचं?” हिरेमठांनी विचारलं.

“दिगंबर वसंतराव माळी,” दादा ताडकन उभा राहून म्हणाला.

“बसा, बसा. वय किती?”

दादानं आईकडे पाहिलं. आईनं ओठ हलवले. त्यानं सांगितलं.

“आई, तुम्ही नका सांगू,” डॉक्टरांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या.

आईला ते लागलं. मला तिच्या खांद्यांवरून कळलं. आमच्या घरी कुणी पाहुणा आला की चहा उकळायच्या आत दिगूदादाचा कार्यक्रम व्हायचा. बाबांनी त्याला महाराष्ट्रातल्या गावांचे एसटीडी कोड शिकवले होते. बाकी काही डोक्यात राहायचं नाही, पण हे राहायचे. पाहुणे गाव सांगायचे, दादा कोड सांगायचा आणि पाहुणे “अरे वा!” म्हणायचे. तेवढ्या “अरे वा”वर आईचा आठवडा निघायचा.

“साहेब,” आई पुढे सरकून म्हणाली, “त्याला कुठल्याबी गावाचा फोनचा कोड विचारा.”

“आई,” मी खालच्या आवाजात म्हटलं.

“विचारा तर खरं!”

मोबाईलवाले डॉक्टर गमतीनं म्हणाले, “लातूर?”

“शून्य दोन तीन आठ दोन,” दादा म्हणाला.

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. “अरे! बरोबर आहे. माझं गाव आहे ते. बरं, रत्नागिरी?”

“शून्य दोन तीन पाच दोन.”

“सोलापूर?”

“शून्य दोन एक सात.”

“कमाल आहे बुवा. मला बायकोचा नंबर पाठ नाही.”

सगळे हसले. दादा टाळी वाजवून हसला. आईचा चेहरा उजळून निघाला होता. ज्या खोलीत आम्ही त्याला काय येत नाही ते सांगायला आलो होतो, तिथं आई त्याला पहिला नंबर मिळवून देत होती.

“छान,” हिरेमठ म्हणाले. “दिवसभर काय करता, दिगंबर?”

“नोकरी करतो. शिरगुप्पेकाकांच्या मॅचिंग सेंटरला. ब्लाऊजपीसच्या घड्या घालतो.”

“पगार देतात का?”

“हो तर!” दादाच्या आधी आईच म्हणाली. “एक तारखेला. एकदाबी चुकला नाही, साहेब.”

हिरेमठांनी पेन खाली ठेवलं.

“आई, अर्ज कसला केलाय तुम्ही, कल्पना आहे ना? अपंगत्वाचं टक्केवारीचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहेच. आज आमच्याकडून तुम्हाला लिहून हवंय की हा मुलगा स्वतःचा उदरनिर्वाह करण्यास असमर्थ आहे.”

आईनं हे वाक्य याआधी कधी ऐकलं नव्हतं. अर्ज मी भरला होता, तिनं सही केली होती. तिनं दादाकडे पाहिलं. दादा टेबलावरच्या पेपरवेटमधलं फूल बघत होता.

“असमर्थ?” ती म्हणाली.

“नोकरी आहे, नियमित पगार आहे, आकडे तोंडपाठ आहेत. मी काय लिहू सांगा? खोटं लिहू?”

“सर, त्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत,” मी घाईघाईनं म्हणाले. “त्याला रस्ता एकट्यानं...”

“असेल. पण मग पगार कशाचा देतात, ते मला मालकाच्या तोंडून ऐकू दे. जवळ आहे का दुकान? आम्ही जेवून परत बसतोय. त्यांना घेऊन या. आज नाही जमलं तर मग पुढच्या महिन्यात. मी मध्ये इथं नाही.”

पुढचा महिना ऑपरेशननंतर होता. ऑपरेशननंतर काय असेल ते मिरजेचे डॉक्टरही सांगत नव्हते. पेन्शनच्या कागदावर दिगूदादाचं नाव आईच्या हयातीत, तिच्या सहीनं चढायला हवं होतं. नंतर चढणार नाही असं नाही, पण मग मी एकटी किती वर्षं कोणकोणत्या खिडक्यांशी उभी राहीन, हे वकीलबाईंनी मला साफ सांगितलं होतं.

“जुईला दिगूकडं दे, तो सांभाळतो की,” आई बाकावर टेकत म्हणाली.

बाकापासून जिना जवळ होता. जुई नुकती चालायला लागली होती. “असू दे, मी नेते,” मी म्हणाले आणि दादाच्या पुढे झालेल्या हातांकडे न बघता निघाले.

शिरगुप्पेकाकांच्या दुकानात दोन बायका रामा रंगावरून वाद घालत होत्या.

“हा चिंतामणी झाला ओ! मला रामा पाहिजे.”

“माई, उजेडात नेऊन बघा, रामाच आहे,” गळ्यात टेप अडकवलेले काका म्हणत होते. मला बघून त्यांनी मान वर केली. “पद्मी! दिगू कुठाय? बोर्ड झालं?”

“काका, तुम्हाला यावं लागतंय. डॉक्टर विचारतायत, तुम्ही त्याला पगार कशाचा देता.”

काकांनी हातातलं कापड काउंटरवर ठेवलं. मग उगीचच टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, परत सोडली.

“अक्का काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? एक तारखेला पगार असतो म्हणाली. एकदाही चुकला नाही म्हणाली. काका, तुम्ही नुसतं इतकंच सांगा की तो चार घड्या घालतो आणि तुम्ही मायेपोटी देता. कमी सांगितलं तरी चालेल.”

“आत ये,” ते म्हणाले.

आतल्या खोलीत गठ्ठ्यांच्या मध्ये एक स्टूल होतं. मला बसायला सांगून ते स्वतः उभे राहिले.

“पगार मी देत नाही, पोरी.”

मला समजलं नाही. “म्हणजे?”

“अक्का आणून देतात. महिना संपत आला की भाजीच्या पिशवीत पाकीट घालून येतात. एक तारखेला मी ते त्याच्या हातात ठेवतो. तुझे बाबा गेले त्या वर्षापासून.”

जुई एका गठ्ठ्यातून अस्तराचं कापड ओढत होती. मी तिला थांबवायचं विसरले.

“मी म्हटलं होतं त्यांना,” काका म्हणाले, “की अक्का, निम्मे तरी मी घालतो. येतो, बसतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो पोरगा. तर म्हणाल्या, नको. मग तो तुमचा मिंधा होईल. माझ्या पोराला मिंधं नाही करायचं. शब्द घेतला माझा, कुणाला बोलायचं नाही म्हणून. माझ्या घरातबी ठाऊक नाही.”

“मग चला ना,” मी उठले. “हेच सांगा डॉक्टरांना. प्रश्नच मिटला. हा पगारच नाही!”

“अक्का हो म्हणाल्या तर सांगतो.”

“काका, वेळ नाहीये.”

“त्यांच्या माघारी नाही सांगणार. येतो मी. पण त्यांच्या तोंडून हो आलं पाहिजे.” मग बाहेर जाऊन ते बायकांना म्हणाले, “माई, घटकाभरानं या. रामाच आहे तो, नेऊन दाखवा घरी, पैसे मागनं द्या.” आणि त्यांनी शटर अर्धं ओढलं.

रुग्णालयात पोचलो तेव्हा आई त्याच बाकावर होती. काकांना पाहिलं आणि तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला आणि क्षणभर वाटलं, हिला इथंच काही झालं तर?

“काका!” दिगूदादा धावत आला. “दुकान कोण बघतंय? आज सोमवार नाही, सुट्टी नाही.”

“बंद केलंय थोडा वेळ, राजा.”

“गिऱ्हाईक परत जाईल की!”

“येईल परत. तू इथं बस माझ्यापाशी.”

आईनं माझं मनगट धरलं आणि मला हात धुवायच्या बेसिनपाशी नेलं. तिची बोटं गार होती.

“कुणी सांगितलं होतं तुला खोदून विचारायला?”

“मी नाही विचारलं. काकांनी सांगितलं.”

“बोलणार नाही म्हणाले होते. शेवटी दुकानदाराचाच शब्द तो.”

“शब्द पाळलाय त्यांनी. तू हो म्हणाल्याशिवाय आत एक अक्षर बोलणार नाहीत. आई, फक्त हो म्हण. दोन मिनिटांचं काम आहे.”

“त्याच्यासमोर?”

मी बाकाकडे पाहिलं. दादा काकांपाशी बसला होता.

“अगं, महिनाभर वाट बघतो तो त्या दिवसाची. पाकीट माझ्या हातात देतो ना, तेव्हा तुझे बाबा द्यायचे तसं देतो. ‘घे, खर्चाला’ म्हणतो. खर्चाला! मी आता आत जाऊन त्याच्यादेखत सांगू, की बाबा रे, ते माझेच होते?”

“मग पेन्शन जाईल.”

“जाऊ दे. पेन्शनवाचून काय अडतंय? तू आहेस की.”

तिनं ते सहज म्हटलं. पाणी आहे की, घर आहे की, तसं. पुण्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर, माझ्या नवऱ्याची, सुधीरची, कंत्राटी नोकरी, कडेवरची जुई, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला राग आला नाही. भीती वाटली. कारण ती म्हणत होती ते खरंच होतं. मी होते.

“मी आहे,” मी म्हणाले. “मी त्याला टाकणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण उद्या मला काही झालं तर?”

“अभद्र बोलू नको.”

“बोलायलाच पाहिजे, आई. तू म्हणशील तुलाही काही होणार नाही. जिना चढताना निरी सुटली म्हणालीस तू मला. मी आंधळी आहे का?”

तिनं पदर तोंडाशी नेला.

“पेन्शनचं राहू दे बाजूला,” मी म्हणाले. “मला दुसरंच सांग. तू ऑपरेशनला गेलीस आणि परत आली नाहीस. त्यानंतरची एक तारीख येईल. दादा अंघोळ करून, भांग पाडून दुकानात जाईल. काका त्याच्या हातात काय ठेवतील?”

आई माझ्याकडे बघत राहिली. बेसिनचा नळ गळत होता. आतून शिपाई ओरडला, “माळी! दिगंबर माळी!”

“त्याला घेऊन तू बाहेर थांब,” आई शेवटी म्हणाली. “जुईलाबी. आणि दार लावून घ्यायला सांग त्यांना. नीट लावून.”

ती आत गेली, काका तिच्यामागे. शिपायाला मी सांगितलं ते डॉक्टरांनी ऐकलं असावं, कारण हिरेमठ स्वतः उठून आले, त्यांनी दिगूदादाकडे एकदा पाहिलं आणि दार लोटून कडी घातली.

बाकावर आम्ही तिघं राहिलो. मी बाहेरच्या अंगाला, जिन्याच्या बाजूनं बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. मी तरी ऐकू येईल म्हणून कान देत होते आणि ऐकू येऊ नये म्हणून दादाशी बोलायला काहीतरी शोधत होते.

“भूक लागली का रे?”

“नाही.” त्याची नजर दारावर होती. “आई काय सांगतीय?”

“काही नाही. डॉक्टरांना माहिती हवी होती.”

“माझी?”

“हं.”

“मला काढणार दुकानातनं?”

“नाही रे! कोण म्हणालं?”

तो बाकावर जवळ सरकला. मग माझ्याकडे वाकून, कुणाला कळू नये अशा बेतानं म्हणाला, “पद्मी, मला घड्या नीट येत नाहीत.”

“येतात की.”

“नाही येत. मी घरी जातो ना, तेव्हा काका माझ्या सगळ्या मोडतात आणि परत घालतात. मी छत्री विसरलो होतो, परत गेलो, तेव्हा बघितलं. मी बोललो नाही त्यांना.” त्यानं बोटांनी शर्टाचं टोक दुमडलं, परत उलगडलं. “तरी पगार देतात. चांगले आहेत काका. देव आहेत.”

मी हो म्हटलं.

“घेऊ हिला?” त्यानं विचारलं.

मी जुईला त्याच्या मांडीवर दिलं. त्यानं दोन्ही हातांची मिठी तिच्याभोवती अशी घातली की तिला हलताही येईना, आणि ती तक्रार न करता त्याच्या मिशीकडे बघत बसली.

कडी निघाली. आधी काका बाहेर आले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि आमच्याकडे न बघता खिडकीशी जाऊन उभे राहिले. दारात हिरेमठ होते.

“दिगंबर, आत या. ताई, तुम्हीही या.”

आई खुर्चीत ताठ बसली होती. डोळे कोरडे होते. दादा तिच्याशेजारी जाऊन बसला. जुई त्याच्याचकडे.

“दिगंबर,” हिरेमठांनी खुर्ची ओढून त्याच्या समोर घेतली, “दोनच प्रश्न विचारतो. काकांनी दुकान बंद केलं, तर काय कराल?”

“घरी जाईन.”

“आणि पैसे लागले तर?”

“आई देईल.”

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

“आई गावाला गेली असेल तर?”

“येईपर्यंत थांबीन.”

डॉक्टरांनी खुर्ची आणखी जवळ घेतली. त्यांना पुढचं विचारायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण त्यांनी विचारलं. अगदी हळू.

“आणि ती आलीच नाही तर?”

दिगूदादा हसला. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग परत डॉक्टरांकडे, मोठ्या माणसानं काहीतरी अगदीच वेड्यासारखं विचारावं तसं.

“असं कसं?” तो म्हणाला.

लातूरचे तरुण डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. हिरेमठांनी खुर्ची परत टेबलामागे नेली, पेन उचललं आणि लिहायला लागले. तिघांच्या सह्या झाल्या. शिक्का पडला. आईनं कागद घेतला, वाचला नाही, घडी करून माझ्याकडे दिला.

“साहेब,” दादा जुईला घेऊन बाहेर काकांकडे गेल्यावर ती म्हणाली, “याच्यापुढं त्याला दुकानात जाऊ दिलं तर चालेल ना?”

“जाऊ द्या की. पाठवाच. वकिलांना फक्त नीट सांगा, ते पैसे कुणाचे आहेत ते. आई मुलाला देते त्याला कोण पगार म्हणेल?”

जिना उतरताना ती दर वळणावर थांबली, आणि या वेळी निऱ्यांना हात लावला नाही. माझ्या खांद्याचा आधार घेतला. दादा जुईला घेऊन पुढे चालला होता आणि काकांना विचारत होता, दुकान उघडणार का आता, गिऱ्हाईक खोळंबलं असेल.

संध्याकाळी मी बोरगावेबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ट्रस्टच्या मसुद्यात एक कलम घातलं. ‘लाभार्थीच्या आनंदासाठी व सन्मानासाठी विश्वस्तांना योग्य वाटेल असा खर्च, योग्य वाटेल त्या पद्धतीने.’ मला म्हणाल्या, “कायद्याच्या भाषेत याहून जास्त लिहिता येत नाही.”

आई ऑपरेशनमधून उठली. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, जिने टाळत, मीठ टाळत. ती गेली त्यानंतरची एक तारीख आली तेव्हा मी आदल्या दिवशीच पुण्याहून सांगलीला येऊन काकांकडे पाकीट पोचवलं होतं. दादा सकाळी भांग पाडून गेला. संध्याकाळी परत आला आणि ओट्याशी उभा राहिला. पाकीट कुणाच्या हातात द्यायचं, ते त्याला कळत नव्हतं. मी हात पुढे केला. त्यानं दिलं. “घे, खर्चाला,” म्हणाला, आणि मग रडला. आईसाठी तो पहिल्यांदा रडला तो तेव्हा.

पेन्शन सुरू व्हायला काहीही अडचण आली नाही. घर ट्रस्टचं आहे, त्यात तो राहतो. दिवसभराला एक मावशी असतात, मी महिन्यातून दोनदा जाते. शिरगुप्पेकाका थकलेत, काउंटरला त्यांची सून असते. तिला सगळं ठाऊक आहे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा मोठा झालेला मुलगा किंवा मुलगी असेल. येता-जाता सगळे त्याचंच विचारतात. कसा आहेस, जेवलास का, काय म्हणतोस. ते विचाराच. पण आज त्याच्या घरी पाच मिनिटं जास्त थांबा आणि त्याच्या आईची चौकशी करा. ती जिना कसा चढते ते बघा. तिची पावलं बघा. ती “काही नाही हो, मी ठणठणीत आहे” म्हणेल. तिथंच उठून येऊ नका. तिच्यानंतरचं तिनं कुणापाशी काही बोलून ठेवलंय का, तेवढं विचारा.